वसाहतीचा व्यापार आणि सत्ताधारी देशाची समृद्धी : ब्रिटिश हिंदुस्थानातील परतावाशून्य निर्यातीची यंत्रणा

प्रस्तावना

एखादा देश वर्षानुवर्षे आयातीपेक्षा अधिक निर्यात करीत असेल, तर त्या देशात सोने-चांदी तरी यावी किंवा परदेशात त्याची मालमत्ता तरी उभी राहावी, अशी अर्थशास्त्राची साधारण अपेक्षा असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा बहुतांश वर्षे अधिक होती. तथापि हा देश परदेशांचा धनको झाला नाही. उलट ऋणको झाला. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वसाहतवादी शोषणाची चर्चा करताना स्वस्तात कच्चा माल नेणे आणि महाग पक्का माल विकणे या दोन गोष्टींवर सामान्यतः भर दिला जातो. पाठ्यपुस्तकांतून हेच चित्र वारंवार येते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. महाग विकणे आणि स्वस्त घेणे हे जगातील कोणताही प्रबळ व्यापारी करीत असतो. त्यासाठी राज्य जिंकण्याची आवश्यकता नसते. राज्यसत्ता हाती असल्यामुळे जे घडले ते वेगळेच होते. हिंदुस्थानातून जाणाऱ्या मालाची किंमत हिंदुस्थानी उत्पादकाला मिळत होती, पण ती हिंदुस्थानातच गोळा केलेल्या करातून दिली जात होती. व्यापाराचे बाह्य रूप कायम ठेवून त्यातील मोबदला काढून घेण्याची ही व्यवस्था होय. तिचे स्वरूप काळानुसार बदलत गेले, गाभा मात्र बदलला नाही.

दिवाणी आणि कंपनीची ‘गुंतवणूक’

३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीपुढे पहिली दीडशे वर्षे एकच मोठी अडचण होती. हिंदुस्थानी कापड, रेशीम, नीळ, मिरी यांना युरोपात मागणी होती. इंग्लंडच्या लोकरी कापडाला मात्र येथे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे कंपनी पूर्वेकडे जे मूल्य पाठवीत असे, त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक हिस्सा चांदीच्या रूपात असे. देशाबाहेर चांदी जाते म्हणून इंग्लंडमध्ये कंपनीवर टीका होई. हिंदुस्थानी कापडाच्या स्पर्धेने तेथील विणकर संतापले आणि १७०० व १७२१ च्या कायद्यांनी अशा कापडाच्या वापरावर निर्बंध आले. पुढे मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञान जगाला शिकविणाऱ्या देशाने आपला वस्त्रोद्योग संरक्षणाच्या भिंतीआड वाढविला, ही गोष्ट येथे जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

१७५७ च्या प्लासीच्या लढाईने आणि विशेषतः १२ ऑगस्ट १७६५ रोजी मिळालेल्या दिवाणीच्या अधिकाराने ही अडचण दूर झाली. बंगाल, बिहार व ओरिसाचा महसूल कंपनीच्या हाती आला. कारभार व फौज यांचा खर्च भागवून उरलेल्या महसुलाचा एक भाग माल खरेदीसाठी वेगळा काढण्यात येऊ लागला आणि त्या खरेदीला कंपनीच्या भाषेत ‘इन्व्हेस्टमेंट’, म्हणजे गुंतवणूक, असे नाव होते. हा शब्द फसवा आहे. गुंतवणूक करणारा आपले भांडवल घालतो. येथे विणकराला त्याच्या कापडाचे पैसे मिळत, पण ते पैसे त्याच्याच प्रांतातील रयतेने, कित्येकदा त्याने स्वतः, सारा म्हणून भरलेले असत. बंगालकडे येणारा चांदीचा ओघ जवळजवळ थांबला. मालाची जहाजे मात्र लंडनला जातच राहिली. १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीचा नववा अहवाल प्रसिद्ध झाला. एडमंड बर्क यांचा हात असलेल्या या अहवालात हा व्यवहार नेमका ओळखला गेला असून, व्यापारासारखा दिसणारा हा प्रकार वस्तुतः खंडणी आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या टीकेचा उगम राष्ट्रवादी इतिहासलेखनात नाही. तो ब्रिटिश संसदेच्याच दप्तरात आहे.

ब्रिटिश राज्यसंस्थेनेही आपला वाटा घेण्यास विलंब लावला नाही. १७६७ पासून कंपनीने सरकारी तिजोरीत दरवर्षी ४ लाख पौंड भरावेत असे ठरले. त्यानंतर दोन वर्षांतच बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. १७६९-७० च्या या दुष्काळात सुमारे एक-तृतीयांश लोक मरण पावले असा वॉरन हेस्टिंग्ज यांचा अंदाज होता. त्यांनीच १७७२ मध्ये संचालकांना कळविले की, १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ च्या वसुलीपेक्षाही अधिक झाली आहे. माणसे कमी झाली आणि सारा वाढला, ही नोंद इतिहासकारांनी नंतर काढलेला निष्कर्ष नसून वसूल करणाऱ्याचाच हिशेब आहे.

अफू : दोन बाजारांमधील दुवा

हिंदुस्थानी कापडाची विलायतेतील मागणी यंत्रोद्योगामुळे ओसरू लागल्यावर महसूल लंडनला कोणत्या मार्गाने न्यावा, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर चीनमध्ये सापडले. ब्रिटनला चिनी चहा हवा होता आणि त्यासाठी चांदी द्यावी लागत होती. बंगाल-बिहारमधील अफूचा मक्ता कंपनीकडे होता. कंपनी कलकत्त्यास अफूचा लिलाव करी, खासगी व्यापारी ती चीनमध्ये चोरमार्गाने विकत आणि तेथे मिळालेली चांदी कँटनच्या कोठीत भरून लंडनवरील हुंड्या घेत. त्याच चांदीतून चहाची खरेदी होई. अशा रीतीने हिंदुस्थानी शेतकऱ्याच्या अफूने इंग्रजांच्या चहाची किंमत चुकती झाली.

पश्चिम हिंदुस्थानचा या व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. माळव्यातील अफू संस्थानी मुलखात पिकत असल्याने तेथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. ती सिंधमार्गे कराचीकडे आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमणला जात असे. तिला मुंबईकडे वळविण्यासाठी कंपनीने वाहतूक परवान्याची पद्धत सुरू केली. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर पर्यायी वाट बंद झाली आणि मग परवान्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवीत नेणे सोपे झाले. मुंबईतील पारशी, गुजराती व कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांची कित्येक घराणी या व्यापारावर उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलापैकी सुमारे एक-सप्तमांश हिस्सा अफूचा होता. वसाहतीच्या व्यापारात देशी व्यापाऱ्यालाही लाभ होत होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच्या लाभाने देशाच्या ताळेबंदातील तूट भरून निघत नव्हती.

काउन्सिल बिल : व्यवस्थेचे प्रगल्भ रूप

१८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानच्या व्यापारातील आणि १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातीलही कंपनीची मक्तेदारी संपली. कंपनीचा व्यापारच बंद झाल्यामुळे निःसारणही थांबले असावे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात १८३३ च्या कायद्यानुसार कंपनीच्या ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे दरवर्षी ६ लाख ३० हजार पौंड, लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याचे ठरले. १८५७ नंतर राज्य राणीकडे गेले तरी हा लाभांश चालूच राहिला आणि १८७४ मध्ये भागधारकांना शंभराच्या भागामागे दोनशे या दराने मोबदला देऊन तो संपविण्यात आला. तो बोजाही हिंदुस्थानवरच पडला. ज्या देशाला जिंकले, त्यालाच आपल्या खरेदीची किंमत मोजावी लागली, असे या व्यवहाराचे वर्णन करता येईल.

या काळात लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे होणाऱ्या खर्चाला ‘होम चार्जेस’ म्हणत. सार्वजनिक कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले पाच टक्के व्याज, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने व रजेचे पगार, सैन्याचा खर्च, सामानाची खरेदी आणि खुद्द इंडिया ऑफिसचा खर्च यांचा त्यात समावेश होता. भारतमंत्र्याचा पगारसुद्धा १९१९ च्या कायद्यापर्यंत हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानवर पडला; १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत गुंतलेल्या हिंदी सैन्याचा नेहमीचा पगारही हिंदुस्थाननेच सोसला. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात नृत्यसमारंभ झाला, त्याचेही बिल हिंदुस्थानच्या खात्यावर टाकण्यात आले. रक्कम मोठी नव्हे. परंतु खाते कोणाचे समजले जात होते, हे त्यावरून कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी या खर्चाची एकूण रक्कम दरवर्षी १ कोटी ७० लाख पौंडांच्या आसपास होती.

हा खर्च पौंडांत करावयाचा आणि महसूल रुपयांत गोळा व्हावयाचा. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे काउन्सिल बिल. भारतमंत्री लंडनमध्ये, बँक ऑफ इंग्लंडमार्फत, रुपयांच्या हुंड्या विकीत. त्या घेणारा पौंड लंडनमध्ये भरी आणि हुंडी दाखवून कलकत्ता, मुंबई किंवा मद्रासच्या सरकारी तिजोरीतून रुपये उचली.

खानदेशातील एका कापूस उत्पादकाचे कल्पित उदाहरण घेतल्यास ही यंत्रणा स्पष्ट होते. त्याचा कापूस आखूड धाग्याचा असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना तो फारसा पसंत नाही. तो जर्मनीस जातो. मुंबईचा निर्यातदार जर्मन खरेदीदारासाठी लंडनमधील बँकेवर हुंडी काढतो व ती मुंबईतील विनिमय बँकेला विकून रुपये मिळवितो. त्या रुपयांतून अडत्याला आणि अडत्याकडून शेतकऱ्याला पैसे मिळतात. मग विनिमय बँकेकडे रुपये कोठून आले? तिने लंडनमध्ये काउन्सिल बिल विकत घेतले होते, त्यावर मुंबईच्या तिजोरीने ते दिले. तिजोरीत ते कोठून आले? साऱ्यातून, मिठाच्या करातून, म्हणजे त्याच शेतकऱ्याकडून आणि त्याच्या शेजाऱ्यांकडून. जर्मन खरेदीदाराने दिलेली कापसाची किंमत शेवटी बँकेमार्फत लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या खात्यातील पौंडांची जागा भरून काढते आणि ते पौंड व्याज व निवृत्तिवेतनांवर खर्च होतात.

या साखळीतील प्रत्येक व्यवहार कायदेशीर आहे. प्रत्येकाला त्याच्या मालाचा बाजारभाव मिळालेला आहे. शेतकऱ्याला आपण फसविले गेलो असे कोठेही वाटत नाही, कारण सारा घेणारा मामलेदार आणि कापूस घेणारा अडत्या या दोन निराळ्या व्यक्ती आहेत. नुकसान केवळ संपूर्ण देशाच्या हिशेबात दिसते. कापूस गेला आणि त्याच्या बदल्यात सोने, यंत्रे वा परकीय मालमत्ता यांपैकी काहीही आले नाही.

जावा बेटातील डच राजवटीशी तुलना केल्यास ब्रिटिश पद्धतीचे वैशिष्ट्य अधिक ठळक होते. १८३० पासून जावातील शेतकऱ्यांवर कॉफी, ऊस, नीळ यांची सक्तीची लागवड लादण्यात आली आणि तिचा नफा नेदरलँड्सच्या अंदाजपत्रकात उघडपणे शिल्लक म्हणून दाखविण्यात येई. १८३१ ते १८७७ या काळात ही रक्कम ८० कोटी गिल्डरांहून अधिक झाली. डचांनी जे जमेच्या बाजूस लिहिले, ते ब्रिटिशांनी अनेक शीर्षकांखाली वाटून टाकले. त्यामुळे तेथे वाद नैतिकतेचा झाला, तर येथे मुळात असे काही घडते आहे काय, यावरच दीर्घकाळ वाद चालला.

रुपयाच्या घसरणीने हा भार आणखी वाढविला. चांदीचे भाव कोसळल्याने १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९४-९५ मध्ये एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. दीड कोटी पौंड पाठविण्यासाठी पहिल्या दराने १५ कोटी रुपये पुरत. दुसऱ्या दराने सुमारे २७ कोटी ७० लाख लागत. खर्चात एका पौंडाचीही वाढ न होता करदात्यावरील बोजा जवळजवळ दुप्पट झाला.

ब्रिटनला प्रत्यक्ष लाभ कोणता?

येथे सावधपणे विचार करणे आवश्यक आहे. बंगालच्या लुटीतूनच इंग्लंडची औद्योगिक क्रांती झाली, हे मत ब्रुक्स ॲडम्स यांनी १८९५ मध्ये मांडले आणि आजही ते आवडीने उद्धृत केले जाते. कालक्रमाच्या जवळिकीवर आधारलेला हा तर्क दुर्बल आहे. आरंभीच्या गिरण्यांना लागणारे भांडवल तुलनेने अल्प होते आणि ते बव्हंशी स्थानिक व्यापारी व कारखानदारांनी उभे केले. बंगालहून परतलेल्या ‘नबाबां’चा पैसा जमीनजुमला आणि संसदेतील जागा यांकडे अधिक वळला. हिंदुस्थानचे खरे महत्त्व एका शतकानंतर, १८७० ते १९१४ या काळात, दिसून येते.

या काळात ब्रिटनचा अमेरिका व युरोप खंडाशी असलेला व्यापार मोठ्या तुटीत होता. जर्मनी व अमेरिका यांनी आयात करांच्या भिंती उभारल्या होत्या आणि त्यांचा माल ब्रिटनमध्ये मुक्तपणे येत होता. याउलट हिंदुस्थानचा ताग, कापूस, तांदूळ, कातडी यांना त्याच देशांत मागणी असल्याने हिंदुस्थानचे त्यांच्याशी आधिक्य होते, आणि ब्रिटनशी मात्र मोठी तूट होती. हिंदुस्थानने जगाकडून मिळविलेले चलन ब्रिटनकडे जाई व त्यातून ब्रिटन आपली देणी भागवी. एस. बी. सॉल यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, महायुद्धापूर्वीच्या वर्षांत ब्रिटनच्या एकूण तुटीपैकी दोन-पंचमांशाहून अधिक भाग हिंदुस्थानमुळे भरून निघत होता. संरक्षक जकाती न लावता मुक्त व्यापाराचे धोरण चालविणे आणि लंडनला जगाची पेढी म्हणून टिकविणे ब्रिटनला शक्य झाले, त्याचा एक प्रमुख आधार हा होता. खानदेशचा कापूस ब्रिटनने स्वतः न घेताही त्याची किंमत ब्रिटनच्या कामी आली.

या रचनेसाठी हिंदुस्थानची बाजारपेठ ब्रिटिश मालाला खुली असणे अपरिहार्य होते. १८८२ मध्ये सुती कापडावरील आयात कर रद्द झाला. महसुलाच्या गरजेपोटी तो पुन्हा लावावा लागला, तेव्हा १८९६ मध्ये कापडावरील साडेतीन टक्के आयात कराच्या जोडीला मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला. लँकेशायरच्या समाधानासाठी लावलेला हा कर रद्द होण्यास १९२६ साल उजाडले.

सिद्धान्ताची मुंबई व पुणे येथील जडणघडण

आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त दादाभाई नौरोजी यांच्या नावाशी निगडित आहे आणि ते रास्तच आहे. २ मे १८६७ रोजी लंडनमधील ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी वाचलेल्या निबंधापासून १९०१ च्या ग्रंथापर्यंत त्यांनी हा विषय सोडला नाही. तथापि या विचाराची मुळे त्याआधीच्या मुंबईत आहेत, याकडे ज. वि. नाईक यांच्या संशोधनाने लक्ष वेधले. १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या टोपणनावाने आलेली पत्रे भास्कर पांडुरंग तर्खडकर यांची मानली जातात. देशातील संपत्ती परदेशी जात असल्याचा आरोप त्यांत निःसंदिग्धपणे आहे. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीविषयी लिहिलेल्या मराठी पुस्तकात हाच विचार येतो. भास्कर पांडुरंग आणि दादाभाई हे दोघेही एल्फिन्स्टन संस्थेच्या वातावरणात घडले, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. इंग्रजांनी शिकविलेल्या अर्थशास्त्रानेच इंग्रजांच्या हिशेबाची तपासणी सुरू झाली.

१८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगात दादाभाई सदस्य होते. १८९७ मध्ये त्या आयोगापुढे फर्ग्युसन महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली. उलटतपासणीतही न डगमगता आकड्यांच्या बळावर मांडलेली ही साक्ष महाविद्यालयीन अध्यापकाने सार्वजनिक जीवनात केलेल्या कामगिरीचा नमुना म्हणून आजही वाचनीय आहे.

या सिद्धान्तावर गंभीर आक्षेपही घेतले गेले. थिओडोर मॉरिसन यांनी १९११ मध्ये असे प्रतिपादन केले की, होम चार्जेसचा मोठा भाग भांडवल व सेवांचा मोबदला आहे. लंडनच्या बाजारात हिंदुस्थानला कमी व्याजाने कर्ज मिळाले, रेल्वे व कालवे झाले, हे त्यांचे म्हणणे पूर्णतः फेटाळता येत नाही. परंतु सेवा कोणती घ्यावी, कोणाकडून घ्यावी आणि किती किमतीस घ्यावी, हे ठरविण्याचा अधिकार किंमत देणाऱ्याला नव्हता, याचे उत्तर मॉरिसन यांच्या मांडणीत मिळत नाही. रेल्वेच्या हमीचेच पाहा : १८४९ च्या करारांनुसार नफा न झाला तरी पाच टक्के व्याज निश्चित असल्याने काटकसर करण्याचे कंपन्यांना काही कारणच उरले नाही, आणि तूट करदात्याने भरली.

निःसारणाच्या एकूण रकमेविषयी मतभेद आहेत व ते मिटण्याची चिन्हे नाहीत. अँगस मॅडिसन यांच्या अंदाजाप्रमाणे ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक ते दीड टक्क्याच्या जवळपास राहते. उत्सा पटनाईक यांनी २०१८ मध्ये १७६५ ते १९३८ या कालखंडासाठी सुमारे ४५ लाख कोटी डॉलरचा आकडा मांडला. एवढी तफावत येण्याचे मुख्य कारण असे की, पटनाईक यांनी दरवर्षीच्या रकमेवर पाच टक्के चक्रवाढ व्याज धरले आहे. वृत्तपत्री मथळ्यांतून हा आकडा व्याजाच्या अटीवाचून फिरतो, हे अभ्यासाच्या दृष्टीने हितावह नाही. दुसऱ्या बाजूने, एक-दीड टक्का म्हणजे क्षुल्लक, असे म्हणणेही चुकीचे ठरते. ज्या अर्थव्यवस्थेत एकूण बचतच अत्यल्प होती, तिथे हा टक्का वापरातून नव्हे, तर संभाव्य भांडवलातून वजा होत होता.

दुष्काळात वसुली आणि निर्यात का थांबत नसे, याचा उलगडाही याच ठिकाणी होतो. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्याच वर्षांत देशातून धान्य परदेशी जात होते. लंडनमधील देणी पावसाच्या प्रमाणात कमी होत नव्हती. म्हणून साराही कमी होऊ शकत नव्हता आणि निर्यातही.

या व्यवस्थेचे अखेरचे मोठे दर्शन मंदीच्या काळात घडले. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले व निर्यातीचे आधिक्य आटले, परंतु सारा, सावकाराचे व्याज आणि लंडनची देणी कायम राहिली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले आणि रुपया पौंडाशी एक शिलिंग सहा पेन्स या दराने बांधलेला ठेवण्यात आला. सोन्याचा रुपयांतील भाव चढला. शेतकरी कुटुंबांनी स्त्रियांच्या अंगावरील दागिने मोडले. ते सराफांमार्फत मुंबईच्या बाजारात आले, तेथे वितळवून त्यांच्या लगडी झाल्या आणि त्या बोटीने रवाना झाल्या. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने अशा रीतीने देशाबाहेर गेले. सोन्याच्या निर्यातीवर बंदी घालावी ही हिंदी व्यापारी संघटनांची मागणी सरकारने मान्य केली नाही.